सोळा आठवड्यांचे सिनेटर

हाल्वोर ब्रेक्के शनिवारी संध्याकाळच्या गाडीने वॉशिंग्टनहून घरी आला आणि रविवारी सकाळी साडेपाचला गोठ्यात हजर होता. राग्नाला त्यात नवल वाटलं नाही. नवरा सिनेटर झाला म्हणून जनावरं काही उशिरा उठत नाहीत. तिला खटकलं ते वेगळंच. गोठ्यातून तो एकटा परत आला, बुटांच्या नाड्या सोडायचं विसरला आणि बाकावर बसून खिडकीबाहेर बघत राहिला.

"बोललात का ओस्मुंडशी?" तिने विचारलं.

"बोललो."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, पेरणीयंत्राची डावी साखळी दर दोन फेऱ्यांनी सुटते, लेइफला सांगून ठेवा."

राग्नाने चुलीवरचं पातेलं जरा जोरातच बाजूला सरकवलं. आपण दोन आठवड्यांनी इथे नसणार, हे ओस्मुंडने मान्य केलंय, असा त्याचा अर्थ होता. त्याला रागावता आलं असतं, चार शब्द सुनावता आले असते. त्याने काळजी केली ती साखळीची.

ओस्मुंड त्वाइट बावीस वर्षांपूर्वी कापणीच्या टोळीबरोबर त्यांच्या शेतावर आला होता. टोळी पुढच्या गावी गेली, हा राहिला. आता एक्कावन्न वर्षांचा, गोठ्यामागच्या खोलीत राहणारा, शब्द मोजून वापरणारा गडी. त्याला पहिल्या जूनच्या आत अमेरिका सोडून नॉर्वेला परत जायचा सरकारी हुकूम आला होता. तो हुकूम ज्याच्यामुळे आला, तो माणूस याच घडीला बाकावर बसून आपल्या नाड्यांकडे बघत होता.

हाल्वोरने आजवर कुणाचं वाईट केलेलं राग्नाला आठवत नव्हतं. तीस वर्षं तो गावच्या सहकारी धान्यकोठाराचा व्यवस्थापक होता आणि काट्यावर पोतं चढवण्याआधी काटा पुसून घ्यायचा, अगदी समोर सख्खा भाऊ असला तरी. दोन वेळा राज्याच्या विधिमंडळात जाऊन आला, तिथेही नाकासमोर चालला. मार्चमध्ये म्हातारा सिनेटर वारला. जूनच्या शेवटच्या मंगळवारी पोटनिवडणूक ठरली, आणि तोवर ती खुर्ची सांभाळायला गव्हर्नरला असा माणूस हवा होता, जो खुर्चीला चिकटणार नाही. बसच्या सीटवर रुमाल टाकून जागा धरावी, तसा त्याने हाल्वोर टाकला. पुरत्या सोळा आठवड्यांसाठी.

निवडणुकीला उभा राहणार नाही, असा शब्द गव्हर्नरने मागून घेतला होता. दुसरा शब्द मात्र हाल्वोरने कुणी न मागता दिला. निरोपाच्या संध्याकाळी चर्चच्या तळघरात, कॉफीचे कप हातात धरून उभ्या असलेल्या दोनशे लोकांसमोर तो म्हणाला, "माझ्या घरासाठी मी तिथे काहीही मागणार नाही." गावच्या साप्ताहिकाने ते वाक्य चौकटीत छापलं, मग राज्यभरच्या पेपरांनी उचललं. राग्नाला तेव्हा अभिमान वाटला होता. दोन महिन्यांनी तीच चौकट तिला डोळ्यांसमोर नको झाली होती.

झालं ते असं. शेतावरच्या गड्यांनाही आता म्हातारपणी सरकारी पेन्शन मिळायची सोय झाली होती, त्यासाठी मालकाने फॉर्म भरायचा. वॉशिंग्टनला जायच्या आदल्या रविवारी हाल्वोर ओस्मुंडला समोर बसवून तो भरायला बसला. सोबतचं पत्र लिहिताना सिनेटचा छापील कागद त्याने मुद्दाम बाजूला ठेवला. घरचं काम, घरचा कागद, टपालाचं तिकीटही घरचंच. फॉर्मवर एक रकाना होता: या देशात कसे आलात? कुणीही शहाण्या माणसाने तो कोरा सोडला असता. पण हाल्वोरने जन्मात कधी रकाना कोरा सोडला नव्हता. त्याने विचारलं, ओस्मुंडने सांगितलं, आणि हाल्वोरने आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: मालवाहू जहाजावरून, बाल्टिमोर बंदरात, परवानगीवाचून उतरलो, परत गेलो नाही. खाली दोघांच्या सह्या. पत्र योग्य त्या टेबलावरून योग्य त्या दुसऱ्या टेबलावर गेलं आणि एप्रिलमध्ये टोपीवाला एक सभ्य अधिकारी अंगणात येऊन उभा राहिला. राग्नाने त्याला कॉफी पाजली. त्याने दोनदा आभार मानले आणि मग कागद काढला.

आज सतरा मे होता. नॉर्वेच्या राज्यघटनेचा सण; नॉर्वेहून आलेल्यांनी वसवलेल्या या गावात नॉर्वे न पाहिलेल्यांनाच तो जास्त लागतो. सकाळच्या उपासनेनंतर घरी जेवण, तीन वाजता चर्चच्या तळघरात कार्यक्रम, आणि तिथे दोन भाषणं. पहिलं सिनेटर हाल्वोर ब्रेक्के यांचं आणि दुसरं उमेदवार सिगुर्ड लुंडे यांचं.

सिगुर्ड हा राग्नाचा धाकटा भाऊ. तालुक्याच्या गावचा वकील, अंगाने भरलेला, बोलायला गोड. कोठाराच्या जुन्या भांडणात तो आणि हाल्वोर समोरासमोर आले होते आणि नंतर पंधरा वर्षं त्यांनी एकमेकांच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. मार्चमध्ये पक्षाने सिगुर्डला तिकीट दिलं, त्याच आठवड्यात हाल्वोर सिनेटर झाला, आणि सिगुर्डला एकाएकी बहिणीची आठवण यायला लागली. राग्नाने ते ओळखलं होतं, तरीही तिला आनंद झाला होता. भाऊ कुठल्याही कारणाने दारात आला तरी तो भाऊच.

जेवायला सहाच माणसं होती. हाल्वोर, राग्ना, सिगुर्ड, मुलगा लेइफ, त्याची बायको बर्निस आणि टेबलाच्या टोकाला ओस्मुंड. सायीच्या खिरीवर लोण्याचं तळं साचलं होतं, लेफ्सेच्या पातळ पोळ्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या होत्या. सिगुर्डने तिसऱ्यांदा खीर घेतली आणि भावोजींची मस्करी सुरू केली. तिथल्या म्हाताऱ्यांनी तुम्हाला कुठे बसवलंय, त्याने विचारलं. हाल्वोरने सरळ उत्तर दिलं, की अगदी मागच्या रांगेत, दाराशेजारी. मेजाच्या खणात पूर्वीच्या सिनेटरांनी चाकूने नावं कोरलेली आहेत. सगळेच कोरतात म्हणे.

"तुम्ही कोरलंत?" बर्निसने विचारलं.

"मेज सरकारचं आहे," हाल्वोर म्हणाला.

सगळे हसले, आणि हाल्वोरला कळेना, की यात हसण्यासारखं काय आहे. मग त्याने चमचा खाली ठेवला. राग्नाच्या लक्षात आलं, की हा आता सांगणार. गाडीत अठ्ठावीस तास घोकत आणलेलं असणार ते.

त्याने सांगितलं ते थोडक्यात असं. वॉशिंग्टनच्या कचेरीत म्हाताऱ्या सिनेटरच्या वेळची एक कारकून बाई आहे, तिने परवा त्याला एक रिवाज समजावला. सिनेटरला एकाच माणसाच्या नावाने विधेयक मांडता येतं: अमुक अमुक याला या देशात राहू द्यावं. ते मंजूर व्हायला वर्ष जाईल, दोन वर्षं जातील. पण ते एकदा टेबलावर पडलं, की त्याचा निकाल लागेपर्यंत त्या माणसाला कुणी हलवत नाही. कायद्यात तसं कुठे लिहिलेलं नाही, पण पाळतात सगळे. कागद एक पानाचा. तिने तो टाइप करून त्याच्याकडे दिलाही आहे.

राग्ना नवऱ्याकडे बघत राहिली. उपाय याच्या कोटाच्या खिशात होता आणि हा रात्रभर शेजारी झोपून गप्प राहिला होता.

"मग प्रश्नच मिटला," बर्निस म्हणाली.

"मिटला कसा? आत्ता कुठे सुरू झाला," सिगुर्डने तोंड पुसलं. "भावोजी, काही न मागण्याचा शब्द राज्यभर छापून आलाय. तुमचं पहिलं आणि शेवटचं विधेयक तुमच्याच गड्याच्या नावाचं निघालं, तर विरोधकांचा पेपर काय करेल? पहिल्या पानावर तुमचा फोटो, त्याच्याखाली माझा. मेहुणा म्हणून. सहा आठवडे राहिलेत मतदानाला. जुलैत मी तिथे असेन, तेव्हा मी मांडतो. माझा शब्द."

"जुलैत तो बोटीवरून उतरलेला असेल," राग्ना म्हणाली.

"मग परत येईल की, ताई. माणसं जातात, येतात."

"रांगेत उभं राहून? दहा वर्षांनी? तोपर्यंत तो एकसष्ट वर्षांचा होईल."

लेइफने घसा साफ केला. मामाची पोस्टरं तालुकाभर तोच लावत फिरत होता. वडिलांनी राजकारणात जे कधी दाखवलं नाही ते उत्साहाचं वारं त्याला मामाकडून लागलं होतं. तो म्हणाला, की मामा म्हणतो त्यात तथ्य आहे, घाई करून दोन्हीकडून बुडायला नको. बोलताना त्याने ओस्मुंडकडे बघायचं टाळलं. बर्निसने नवऱ्याकडे असं काही बघितलं, की राग्नाला आज रात्री त्याच्या वाट्याला काय येणार याची कल्पना आली. बर्निस राज्याच्या दक्षिणेकडची, जर्मन बोलणाऱ्या घरातली. या नॉर्वेजियन बोलणाऱ्या घरात आल्यावर पहिले सहा महिने तिला फक्त ओस्मुंडशी बोलायला जमायचं, कारण त्याच्याशी बोलायला फारसे शब्दच लागायचे नाहीत.

ज्याच्याबद्दल हे सगळं चाललं होतं, तो आपली ताटली पोळीच्या तुकड्याने पुसून घेत होता.

"नॉर्वेत आता बऱ्याच सुधारणा झाल्यात म्हणे," ओस्मुंड म्हणाला.

"तिथे आहे कोण तुझं?" राग्नाने विचारलं.

"थडगी आहेत, वहिनी. जागा चांगली आहे. खाडी दिसते." तो उठला, खुर्ची आत सरकवली. "आइस्क्रीमचं पिंप फिरवायचं काम मी घेतलंय. बर्फ वितळायच्या आत जायला हवं."

दार लागलं. त्याच्या ट्रकचा आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत सगळे थांबले.

"मांडा ना, बाबा," बर्निस म्हणाली. "शब्द तुम्ही घरच्यांसाठी न मागण्याचा दिला होता. ओस्मुंड काही ब्रेक्के नाही. नातं ना गोतं."

ती युक्ती चांगली होती. सिगुर्डसारख्या वकिलानेही कौतुकाने भुवया वर केल्या. त्या वाटेने गेलं असतं तर शब्दही राहिला असता आणि माणूसही. हाल्वोरने बराच वेळ विचार केला, आणि राग्नाला कळून चुकलं, की हा आता सत्यानाश करणार.

"तो घरचा आहे," हाल्वोर म्हणाला. "परका असता तर पहिल्याच दिवशी मांडलं असतं. घरचा आहे म्हणूनच मला मागता येत नाही."

"म्हणजे घरचा असण्याची ही शिक्षा झाली," बर्निस म्हणाली आणि ताटल्या गोळा करायला लागली. तिचे डोळे भरले होते आणि ते लपवायची तिला गरज वाटली नाही.

लेइफ तिच्याकडे बघत राहिला. मग मामाकडे वळला. "मामा, पोस्टरं मी उद्याही लावीन, शेवटच्या दिवसापर्यंत लावीन," तो हळूच म्हणाला. "पण बाबांनी हे करायला हवं. मला पोहायला कुणी शिकवलं? बाबा तर कोठारात असायचे."

सिगुर्डने हात वर केले. जेवण अंगावर आलं म्हणून तो ओसरीवर जाऊन खुर्चीत आडवा झाला, पण त्याचे डोळे उघडे होते. राग्नाला खिडकीतून दिसत होते. लहानपणी वडिलांनी रागावलं की असाच छताकडे बघत पडायचा तो.

अडीचच्या सुमाराला वरच्या खोलीत ती हाल्वोरची टाय बांधत होती. त्याला ती कधीच बांधता आली नाही. वॉशिंग्टनमध्ये म्हणे खानावळीची मालकीण बांधून देते. ते त्याने पत्रातून स्वतःच कळवलं होतं, राग्नाला दुसरीकडून कळायला नको म्हणून.

"दहा आठवडे झाले," हाल्वोर म्हणाला. "तिथे मी 'हजर' आणि 'हो' यापलीकडे एक शब्द बोललेलो नाही. नव्या माणसाने बोलायचं नसतं. मी जाईपर्यंत नवाच राहणार. मला त्याचं काही नाही. लोकांची पत्रं येतात, रोज चाळीस, त्यांना हाताने उत्तरं लिहितो. एका बाईचा मुलगा कोरियाहून तीन महिने पत्र धाडत नव्हता, तो सापडला. मला ते काम आवडतं, राग्ना. मला वाटलं होतं, सोळा आठवडे स्वच्छ जातील आणि मी घरी येईन."

तो सुखात होता तिथे, हे तिला त्याच्या पत्रांवरूनच कळलं होतं. या वयात त्याच्या वाट्याला असं काही आलं याचा तिला मनापासून आनंद होता. म्हणूनच पुढचं बोलणं तिला जड गेलं.

"मी एक विचारू?" ती म्हणाली. "शब्द कुणी दिला?"

"मी."

"तो फॉर्म कुणी भरला?"

"मी."

"आणि जाणार कोण?"

तो खिडकीतून गोठ्याकडे बघायला लागला.

"तुम्ही स्वच्छ राहायचं आणि त्याची किंमत ओस्मुंडने भरायची, हे मला पटत नाही," राग्ना म्हणाली. "चाळीस वर्षं मी तुमच्या खरेपणाच्या बाजूने उभी राहिले. लोक हसले तेव्हाही. आज नाही राहणार. शब्द मोडला तर लाज वाटेल, मला माहीत आहे. वाटू दे. ती तुमची आहे, तुम्ही घेऊन चला. त्याच्या बोचक्यात ती भरून पाठवू नका."

टायची गाठ बसली होती. तिने ती पुन्हा एकदा उगाच नीट केली, कारण त्याच्या तोंडाकडे बघायचा धीर होत नव्हता. हाल्वोरने तिचा हात धरला, क्षणभर तसाच धरून ठेवला आणि मग कोट चढवला. गाडीत सगळ्या रस्ताभर सिगुर्डच बोलत राहिला, पावसाबद्दल आणि गव्हाच्या भावाबद्दल.

तळघर खचाखच भरलं होतं. दोन्ही देशांचे झेंडे, लहान मुलींचे भरतकाम केलेले झगे, कॉफीचा वास. पाद्रीबाबांनी सिनेटर ब्रेक्के यांना बोलावलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. या गावात टाळ्या म्हणजे आठ-दहा सेकंद, त्याहून जास्त वाजवल्या तर समोरचा माणूस बिघडतो. हाल्वोरने खिशातून भाषणाचा कागद काढला, त्याची घडी न उघडता तो परत खिशात ठेवला आणि दोन्ही हातांनी मेज धरलं.

"मार्चमध्ये याच जागी मी तुम्हाला शब्द दिला होता," तो म्हणाला, "की माझ्या घरासाठी मी तिथे काही मागणार नाही. येत्या बुधवारी मी तो मोडणार आहे. तुम्हाला पेपरात वाचायला लागू नये म्हणून आधी सांगायला आलो. ओस्मुंड त्वाइट आमच्याकडे बावीस वर्षं आहे. त्याच्याकडे कागद नाहीत. हे सरकारला मीच कळवलं. फॉर्मवर रकाना होता. आता त्याला जायला सांगितलंय. त्याला राहू द्यावं, असं विधेयक मी मांडणार आहे. तो माझ्या घरचा माणूस आहे. नाही, असं म्हणून मला सुटता आलं असतं, पण ते खोटं झालं असतं. तेव्हा शब्द मोडतो. यात सिगुर्डचा काही संबंध नाही. त्याने मला नको म्हणून सांगितलं होतं. मत देताना हे लक्षात ठेवा. मला एवढंच सांगायचं होतं. सणाच्या शुभेच्छा."

आणि तो खाली येऊन बसला.

कुणी टाळी वाजवली नाही. इथे माणसाने आपली चूक कबूल केल्यावर टाळ्या वाजवत नाहीत; ते असभ्य दिसतं. राग्ना पुढच्या रांगेत बसून आपल्या हातमोज्यांकडे बघत होती. तिच्या पाठीमागे दोनशे माणसं विचार करत होती आणि तो विचार तिला मानेवर जाणवत होता. मग मागून खुर्ची सरकली. ग्युनार स्टेन उठला होता, कोठाराच्या सभेत तीस वर्षं हाल्वोरविरुद्ध मत देत आलेला म्हातारा. तो काठी टेकत मोठ्या किटलीपाशी गेला, एक कप भरला आणि सगळ्यांच्या मधून, सांडत-सवरत, तो आणून हाल्वोरच्या हातात दिला. मग परत जाऊन आपल्या जागेवर बसला.

पाद्रीबाबांनी सिगुर्डचं नाव घेतलं.

सिगुर्ड सावकाश वर गेला. त्याच्या हातात सात पानं होती, गव्हाच्या भावावरची. राग्ना आपल्या भावाला ओळखत होती. त्याने आधी डावीकडून उजवीकडे सगळे चेहरे बघून घेतले. ग्युनार स्टेनच्या चेहऱ्यावर जरा जास्त वेळ थांबला. वारा कुठून येतोय हे बघितल्याशिवाय त्याने आयुष्यात पाऊल टाकलं नव्हतं. पण हाल्वोरकडे त्याने बघितलं ते मात्र तिला नवीन होतं. हिशेब करणाऱ्या माणसाची ती नजर नव्हती. पंधरा वर्षं आपण कुणाशी भांडत होतो, हे त्याला आत्ताच दिसल्यासारखं वाटलं.

"माझ्या भावोजींनी सांगितलं ते खरं आहे," सिगुर्ड म्हणाला. "मी नको म्हणालो होतो. ते विधेयक जुलैत पोरकं होईल; त्याच्या मागे कुणीतरी उभं राहायला हवं. तुम्ही मला तिथे पाठवलंत तर मी राहीन. नाही पाठवलंत तर जो जाईल त्याच्या दारात जाऊन बसेन. आता गव्हाच्या भावाकडे वळू."

आणि पुढची पंचवीस मिनिटं तो गव्हाच्या भावावर बोलला. राग्नाला ते भाषण फार आवडलं. तिने त्यातला एक शब्दही ऐकला नाही. लेइफ भिंतीशी उभा राहून मामाकडे बघत गालातल्या गालात हसत होता, आणि बर्निसचा हात त्याच्या हातात होता. हाल्वोर कॉफी पीत होता. कप रिकामा झाल्यावरही त्याने तो दोन्ही हातांत धरून ठेवला.

कार्यक्रम संपायच्या आतच ती मागच्या दाराने बाहेर पडली. चर्चच्या मागे झाडांच्या सावलीत ओस्मुंड लाकडी पिंपावर वाकून आइस्क्रीमचा दांडा फिरवत होता. बाह्या कोपरापर्यंत वर होत्या, हात मीठ-बर्फाने लाल झाले होते. आतलं काहीच त्याला ऐकू आलं नव्हतं.

"एवढ्यात आटपलं?" तो म्हणाला. "हाल्वोर काय बोलले?"

"बुधवारी तुझ्या नावाचं विधेयक मांडतायत. आणि सिगुर्ड ते पुढे चालवणार. तुला कुठे जायला नको, ओस्मुंड."

दांडा फिरतच राहिला. दोन फेरे, तीन फेरे.

"त्यांनी शब्द दिला होता ना? घरासाठी मागणार नाही म्हणून."

"मोडला. सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं, मोडतोय म्हणून."

"म्हणजे मी घरचा आहे, असं म्हणाले?"

"म्हणाले. दोनशे लोकांनी ऐकलं."

दांडा थांबला. ओस्मुंड सरळ झाला, रस्त्यापलीकडच्या नुकत्याच उगवलेल्या गव्हाकडे बघत उभा राहिला. त्याने मनगटाने नाक पुसलं, मग डोळे पुसले आणि मीठ डोळ्यात गेल्यामुळे ते आणखी वाहायला लागले. राग्नाने रुमाल पुढे केला. तो त्याने घेतला, पण बराच वेळ नुसताच हातात धरला.

"मग पंचाईत आहे, वहिनी," तो शेवटी म्हणाला. "ब्रेक्क्यांच्या घरची माणसं रविवारी चर्चला जातात. बावीस वर्षं तुम्ही सगळे इकडे येता आणि मी मागे राहून गोठा बघतो. आता मीही आलो, तर गोठा कोण बघणार?"

राग्नाला हसू फुटलं, आणि इतके दिवस अडवून धरलेलं रडूही त्याच्याबरोबरच बाहेर आलं.

"सिनेटर बघतील," ती म्हणाली. "जुलैपासून ते मोकळेच आहेत."